शाळेच्या सहलीत मुंबईतल्या जुन्या इमारती कशा दाखवाव्यात?

मॅडम, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. साताऱ्याजवळच्या शाळेतून नववीची मुलं घेऊन तुम्ही डिसेंबरात एका दिवसासाठी मुंबईत येताय. मागच्या सहलीत गेटवेसमोर फोटो, सीएसएमटीसमोर फोटो, मग चौपाटी आणि परतीची गाडी असा दिवस संपला आणि मुलांच्या लक्षात काहीच राहिलं नाही. यंदा ऐतिहासिक इमारती नीट दाखवायच्या आहेत, पण त्यांत नेमकं बघायचं काय, हे तुम्हाला हवंय. शिवाय वर्गातल्या एका मुलाने विचारलंय की हे सगळं इंग्रजांनीच बांधलं, मग आपण त्याचं कौतुक कशाला करायचं?

मी जुन्या दगडी इमारतींच्या जतनाचं आणि दुरुस्तीचं काम करतो. फोर्टातल्या बऱ्याच भिंती परांचीवर चढून हातभर अंतरावरून पाहिल्यात. त्या मुलाच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण दिवसभर काय दाखवायचं ते त्याला काय उत्तर देतो यावरच ठरतं.

हुकूम इंग्रजांचा होता, यात वाद नाही. आराखडेही बहुतेक त्यांच्या इंजिनिअरांचे. पैसा कुणाचा आणि हात कुणाचे, हे विचारायला लागलं की मात्र वेगळीच नावं पुढे येतात. विद्यापीठाचं ग्रंथालय आणि त्याचा राजाबाई टॉवर यांच्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये दोन-दोन लाख रुपये दिले. राजाबाई हे त्यांच्या आईचं नाव. शेजारच्या दीक्षान्त सभागृहामागे सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांची देणगी आहे. आराखडा काढणारे सर गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत, त्यांनी लंडनहून नकाशे पाठवले. ते कागद दगडात उतरवले इथल्या पाथरवटांनी, आणि टॉवरवरचे पुतळे घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. सीएसएमटीचे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, पण जागेवर त्यांच्याबरोबर सहायक इंजिनिअर म्हणून सीताराम खंडेराव वैद्य होते आणि देखरेखीला एम. एम. जनार्दन. हेच वैद्य पुढे ताजमहाल हॉटेलच्या वास्तुविशारदांपैकी एक. एल्फिन्स्टन कॉलेजच्या कामात खानबहादूर मंचेरजी मर्झबान. ही नावं त्या मुलाला द्या. पाटीवर साहेबाचं नाव मोठं असतं म्हणून आपण ती इमारतच साहेबाची समजतो, पण तिच्यातला प्रत्येक दगड कुणीतरी आपल्या माणसाने टाकीने घडवलेला आहे आणि त्याच्या हाताची खूण अजून दिसते. सहलीत मुलांनी तीच शोधावी असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे या इमारती एकदम एकाच काळात का उगवल्या, हे गाडीतच सांगून ठेवा. मुंबईचा फोर्ट हा खरोखरचा किल्ला होता. तटबंदी, खंदक आणि तीन दरवाजे: अपोलो गेट, चर्च गेट, बाजार गेट. आज चर्चगेट म्हणून आपण स्टेशन ओळखतो, त्या नावाचा दरवाजा आजच्या हुतात्मा चौकाच्या जागी होता आणि तिथून आत गेलं की सेंट थॉमस चर्च लागायचं. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात ही तटबंदी पाडली. नेमक्या त्याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं (१८६१ ते १८६५), तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. म्हणजे जागा मोकळी झाली आणि त्याच वर्षांत पैसाही आला. युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये बाजार कोसळला, प्रेमचंदांसकट अनेक जण बुडाले, पण संकल्प केलेले होते, देणग्या दिलेल्या होत्या, आणि पुढची पंधरा-वीस वर्षं इमारती उभ्या राहत गेल्या. म्हणून विद्यापीठ, हायकोर्ट, जुनं सचिवालय, डेव्हिड ससून लायब्ररी ही सगळी एका पिढीची कामं आहेत आणि हाकेच्या अंतरावर आहेत. मुलांना दिवसभर चालत फिरवता येतं ते यामुळेच.

आता दगडांबद्दल. हा भाग मुलांना सर्वांत आवडतो, असा माझा अनुभव आहे, कारण त्यात हात लावून बघायला मिळतं. फोर्टात मुख्यतः तीन दगड ओळखायला शिकवा. पहिला काळा दगड, बेसॉल्ट. तुमच्या मुलांना तो सांगायला नको, अजिंक्यताऱ्याच्या तटाचा आणि सगळ्या सह्याद्रीचा तोच दगड. कठीण, पाणी कमी पिणारा, पण बारीक नक्षीला दाद न देणारा. दुसरा पिवळसर, कधी मधाच्या रंगाचा, कधी मळकट करडा: हा कुर्ल्याचा आणि मालाडचा दगड. ज्या खाणींतून तो काढला तिथे आता वस्ती आहे. म्हणूनच आज त्या रंगाचा एक दगड बदलायचा झाला तरी आम्हाला जुन्या पाडकामातला माल शोधत फिरावं लागतं. तिसरा पोरबंदरी, पांढरट, समुद्री चुनखडीचा. काठेवाडातून यायचा. मऊ असल्यामुळे टाकीला सहज वळतो, म्हणून पानंफुलं, पोपट, मोर, चेहरे असलं नाजूक काम बहुतेक ठिकाणी त्याच्यात केलेलं दिसेल. पायाशी काळा, भिंतीला पिवळा आणि नक्षीला पांढरा अशी वाटणी एकदा लक्षात आली की मुलं प्रत्येक इमारतीसमोर ती स्वतःच शोधायला लागतात.

याच्या जोडीला पाऊस शिकवा. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही समुद्राकडून आडवा. इंग्लंडातल्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या शैलीतल्या, इमारतींना पश्चिमेला असे खोल व्हरांडे नसतात, इथल्या इमारतींना आहेत. ऊन आणि झड भिंतीपर्यंत पोहोचू नये म्हणून कमानींची एक अख्खी रांग पुढे उभी केलेली आहे. छताच्या कडेला प्राण्यांची तोंडं बाहेर काढलेली दिसतील. त्यातून पाणी भिंतीपासून दूर फेकलं जातं. आणि एक गंमत दाखवा: छज्जाखालचा कोरलेला चेहरा अजून ठसठशीत असतो, नाकडोळे जसेच्या तसे. तोच दगड, त्याच काळातला, पण उघड्यावर असलेल्या चेहऱ्याचं नाक गेलेलं असतं. खारा वारा, गाड्यांचा धूर आणि पाऊस हे तिघं मिळून पोरबंदरी दगडाला खातात.

रविवारी या. फोर्टातली ऑफिसं बंद असतात, रस्ते मोकळे असतात, चाळीस-पन्नास मुलं रांगेत नेता येतात. तोटा एवढाच की काही इमारती आतून बघता येणार नाहीत. या वयाच्या मुलांसाठी बाहेरूनच खूप आहे.

सुरुवात हॉर्निमन सर्कलपासून करा, सीएसएमटीला उतरलात तरी तिथे थांबू नका. ते संध्याकाळसाठी ठेवायचं, कारण पुढे सांगतो. हॉर्निमन सर्कलला टाऊन हॉल आहे, म्हणजे एशियाटिक सोसायटीची इमारत. १८३३ साली पूर्ण झाली, आराखडा कर्नल थॉमस कूपर यांचा. तीस पायऱ्या, वर भक्कम खांबांची रांग. ही गॉथिकच्या आधीची मुंबई: ग्रीक देवळासारखं तोंड, टोकदार कमान एकही नाही. पायऱ्यांवर मुलांना बसवा आणि किल्ल्याची गोष्ट इथेच सांगा, कारण तुम्ही तेव्हा किल्ल्याच्या आत बसलेले असाल. आत नाना शंकरशेट यांचा संगमरवरी पुतळा आहे. रविवारी तो दिसणार नाही, पण नाव आत्ताच सांगून ठेवा, दिवसाच्या शेवटी ते पुन्हा लागेल. ज्यांच्या नावाने हे वर्तुळ ओळखलं जातं ते बेंजामिन हॉर्निमन इंग्रज होते, 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक होते, आणि भारताच्या बाजूने लिहितात म्हणून १९१९ मध्ये त्यांच्याच सरकारने त्यांना इथून हाकललं. तुमच्या त्या विद्यार्थ्याला हेही ऐकवा. पलीकडचं सेंट थॉमस चर्च १७१८ चं. बाहेरून बघून पुढे निघा.

तिथून सरळ हुतात्मा चौक. मधोमध फ्लोराचं कारंजं, १८६४ चं, इंग्लंडातून आणलेल्या पोर्टलंड दगडाचं. खरं तर ते भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी बनवलं होतं. कितीतरी वर्षं त्याच्यावर ऑइल पेंटचे थर चढवलेले होते. स्वच्छ दिसावं या चांगल्या हेतूनेच, पण दगडाचा श्वास कोंडला गेला. ते थर काढून दगड मोकळा करण्याचं काम काही वर्षांपूर्वी झालं आणि २०१९ च्या सुरुवातीला कारंजं पुन्हा सुरू झालं. शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे, शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच परिसरात मोर्चावर गोळीबार झाला. इथे दोन मिनिटं शांत उभं राहावं, फोटो नंतर. चौकाच्या जवळच महात्मा गांधी मार्गावर न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत आहे, १९३६ ची, मास्टर, साठे आणि भुता या भारतीय वास्तुविशारदांची. तिच्या अंगावर ना. ग. पानसरे यांनी घडवलेली उंचच उंच शिल्पं आहेत: कष्टकरी माणसं, आपल्या कपड्यांतली, आपल्या चेहऱ्यांची. लोक रोज तिच्याखालून मान वर न करता जातात. मुलांना मान वर करायला लावा.

आता ओव्हल मैदान, आणि इथे घाई करू नका. मैदानाच्या पूर्वेचा रस्ता म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग. तुमच्या मुलांना ते नाव सांगताना मला वेगळाच आनंद होईल. मैदान मधून ओलांडणारी पायवाट आहे, तिच्या मध्यावर उभं राहा. पूर्वेला दक्षिणेकडून उत्तरेकडे ओळीने जुनं सचिवालय, दीक्षान्त सभागृह, राजाबाई टॉवर, हायकोर्ट. पश्चिमेला गुळगुळीत भिंतींच्या, गोल कोपऱ्यांच्या, आडव्या पट्ट्यांच्या पाच-सहा मजली इमारती. या दोन रांगांमध्ये साठ-सत्तर वर्षांचं अंतर आहे, आणि दोघींमध्ये फक्त क्रिकेट खेळणारी पोरं. २०१८ मध्ये या दोन्ही रांगा मिळून, मरीन ड्राइव्हपर्यंतच्या भागासह, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या.

मुलांना विचारा: पूर्वेच्या इमारतींची तोंडं पश्चिमेला का? कारण त्या बांधल्या तेव्हा समोर समुद्र होता. मैदान, रेल्वेचा रूळ, आणि मग बॅक बेचं पाणी. ते व्हरांडे समुद्राचा वारा घ्यायला आहेत. पुढे १९२० आणि ३० च्या दशकांत भराव घालून समुद्र मागे सारला, त्या नव्या जमिनीवर पश्चिमेची रांग आली, आणि जुन्या इमारतींपुढे नवी इमारत येऊन उभी राहिली.

राजाबाई टॉवर जरा निवांत बघा. काम १८६९ ला सुरू झालं, १८७८ ला संपलं, उंची २८० फूट, म्हणजे ८५ मीटर. आठ कोन करत निमुळता होत गेलेला वरचा भाग बघितला की त्याच्या खोबणींमध्ये उभी माणसं दिसतील. एक दुर्बीण सोबत आणाच, शाळेच्या प्रयोगशाळेतली असली तरी चालेल. पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींची ही माणसं आहेत, एकूण २४, प्रत्येकाची पगडी वेगळी, धोतर नेसण्याची तऱ्हा वेगळी. लंडनहून आलेल्या नकाशात युरोपातल्या संतांच्या जागा होत्या असं समजा, आणि मुकुंद रामचंद्रांनी त्या जागी आपल्या बाजारात, आपल्या गावात दिसणारी माणसं उभी केली. मी परांचीवरून असल्या शिल्पांच्या अगदी जवळ गेलो आहे. खालून कधीच दिसणार नाही अशा उपरण्याच्या चुण्यासुद्धा पाथरवटाने तोडलेल्या असतात. सभागृहाच्या गोल खिडकीत बारा राशींची रंगीत काचचित्रं आहेत. ती आतून बघण्यासारखी, त्यासाठी विद्यापीठाला आधी पत्र लिहून परवानगी मागा, शाळेच्या लेटरहेडवर. टॉवरचा जिना मात्र कित्येक वर्षांपासून बंद आहे, त्याचा आग्रह धरू नका.

हायकोर्ट काळ्या दगडाचं, म्हणून ते विद्यापीठापेक्षा जड आणि गंभीर वाटतं. कर्नल जेम्स फुलर यांचं काम, १८७१ ते १८७८. खर्च मंजूर झाला होता १६ लाख ४७ हजार १९६ रुपये, आणि काम पूर्ण झालं तेव्हा त्यातले २,६६८ रुपये उरले. सरकारी बांधकामात पैसे उरल्याचं उदाहरण मुलांना जरूर सांगा. याच इमारतीत २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेलं. त्या दालनाबाहेर त्यांचे उद्गार संगमरवरावर कोरलेले आहेत. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्याच न्यायालयाने स्वातंत्र्यानंतर ते कोरून लावले.

इथे एकदा मुलांना भिंतीच्या अगदी जवळ न्या. कोणतीही जुनी दगडी कुंपणभिंत चालेल. दोन दगडांमधली दरज दाखवा. मूळ काम असेल तर दरज बारीक, दुधी-करड्या रंगाची, दगडाच्या पृष्ठभागाशी मिळतीजुळती किंवा किंचित आत असेल. हा चुना. चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली मळलेला, त्यात गूळ, बेलफळ, मेथी असं काहीबाही घालून चिकट केलेला. नंतरची दुरुस्ती असेल तर दरजेवर शिमिटाची जाड, गडद, बाहेर फुगलेली रेघ ओढलेली दिसेल. ती दिसायला मजबूत आहे, आणि आमची निम्मी कामं तिच्यामुळे निघतात. भिंत पावसाळ्यात पाणी पिते. मऊ चुन्याच्या दरजेतून ते पुढच्या महिन्यांत हळूहळू उडून जातं. दरज शिमिटाने बंद केली की पाण्याला दगडातूनच बाहेर पडावं लागतं, जाताना ते सोबतचे क्षार दगडाच्या कातडीखाली सोडतं, त्यांचे खडे वाढतात आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. मुलांना असे पापुद्रे सुटलेला दगड शोधायला सांगा. त्याच्या चारी बाजूंची दरज बघा. बहुतेक वेळा ती शिमिटाची निघेल. तुमच्या गावातल्या जुन्या देवळाला किंवा वाड्याला कुणी शिमीट थापत असेल तर ही मुलं घरी जाऊन सांगू शकतील, म्हणून हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दगडाला फुटलेलं पिंपळाचं रोपही दाखवा. वरून कापलं तर ते दुप्पट जोमाने येतं, मुळासकट काढावं लागतं.

पश्चिमेची रांग आर्ट डेको शैलीची. दगड गेला, सळई-काँक्रीट आलं. खिडकीवर भुवईसारखी आडवी पट्टी ऊन-पावसासाठी, बाल्कनीचे कठडे जहाजाच्या डेकसारखे, इमारतीचं नाव सुंदर वळणदार अक्षरांत. हे इंग्रज सरकारने बांधलेलं नाही, हे इथल्या मध्यमवर्गीय आणि व्यापारी कुटुंबांनी राहण्यासाठी बांधलं, आणि अजूनही तिथे लोक राहतात, कपडे वाळत घालतात. उत्तरेच्या टोकाला इरॉस सिनेमागृह, १९३८ चं, लाल आग्रा दगडाचं, सोराबजी भेदवार यांचं. प्रकाशाचं गणित असं की सकाळी उन्हात पश्चिमेची रांग उजळते आणि दुपारनंतर राजाबाई आणि हायकोर्ट. साडेदहाच्या सुमाराला पोहोचलात तर आधी आर्ट डेकोकडे तोंड करा.

जवळचा काळा घोडा हा भाग लवकर आटोपता येईल. डेव्हिड ससून लायब्ररी, १८७० ची, मालाडच्या पिवळ्या दगडाची. समोर बिनस्वाराचा काळा घोडा आहे तो २०१७ चा. मूळ घोड्यावर सातवा एडवर्ड बसलेला होता, तो पुतळा १९६५ मध्ये इथून हलवला आणि आता राणीच्या बागेत आहे. नाव मात्र घोड्याचंच राहिलं. जवळ एक जर्जर, टेकू दिलेली इमारत दिसेल, एस्प्लनेड मॅन्शन. तिचा सांगाडा बिडाच्या खांब-तुळयांचा, इंग्लंडात ओतून बोटीने आणून इथे जोडलेला. ती वॉटसन हॉटेल असताना ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्रपट भारतात पहिल्यांदा इथे दाखवले गेले. तिची आजची अवस्था बघून वाईट वाटेल. तरीही दाखवा, नुसत्या चकाकत्या इमारती दाखवल्या तर मुलांना वाटेल की सगळं आपोआप टिकतं. शहराच्या १९९५ च्या वारसा नियमांमुळे अशा इमारतींना श्रेणी १, २, ३ मिळाल्या, परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. पण कागदावरची श्रेणी गळकं छत बंद करत नाही, त्याला पैसा आणि रोजची देखभाल लागते.

दुपारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. आवारात डबे खायची परवानगी आधी विचारून घ्या. इमारत जॉर्ज विटेट यांची, १९१४ ला पूर्ण झाली, पण पहिल्या महायुद्धात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली आणि संग्रहालय म्हणून १९२२ ला उघडली. घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला. काळा आणि पिवळा दगड मुलं आता स्वतः ओळखतील. मधल्या दालनात मान वर करून लाकडी कमानी बघा, त्या नाशिकच्या एका वाड्यातून आणलेल्या आहेत. आत गेल्यावर दीड तासात फक्त शिल्पदालन आणि शस्त्रं एवढंच करा, सगळं बघू गेलात तर मुलं दमतील.

गेटवे विटेट यांचाच. पंचम जॉर्ज १९११ ला आले तेव्हा तो नव्हताच, इथे तात्पुरती कमान उभारली होती. दगडी गेटवे १९२४ ला खुला झाला आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून परत गेली. ज्या दारातून यायचं होतं त्यातून ते गेले, एवढंच सांगितलं तरी मुलांना कळतं. वरच्या जाळ्या आणि कोपऱ्यांतले मनोरे गुजरातच्या जुन्या वास्तुकलेवरून आलेत. समोर ताज. गाईड मंडळी सांगतील की इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि वास्तुविशारदाने जीव दिला. ही दंतकथा आहे, मुलांच्या वहीत उतरू देऊ नका. मूळ दार शहराच्या बाजूला होतं कारण घोडागाड्या तिकडूनच यायच्या. सीताराम खंडेराव वैद्य काम चालू असतानाच आजारपणात वारले, त्यानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पुरं केलं, आणि १९०३ च्या डिसेंबरात हॉटेल सुरू झालं.

तिथून बसने चारच्या सुमारास सीएसएमटी. डिसेंबरात सूर्य सहाच्या पुढे-मागे मावळतो आणि स्टेशनाचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून साडेचार ते साडेपाच या वेळात पिवळा दगड खरोखर पेटल्यासारखा दिसतो. सकाळी तीच भिंत सावलीत, सपाट दिसते. महापालिकेच्या बाजूच्या फुटपाथवर उभं राहा. महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच, १८९३ ची, तिच्याकडे पाठ फिरवण्याआधी एकदा घुमट बघून घ्या.

स्टेशनाचं काम १८७८ ते १८८८, खर्च सुमारे १६ लाख. घुमट खालून लाकडी आधार न देता, दगडात दगड अडकवत चढवलेला. त्याच्या माथ्यावर हातात मशाल घेतलेली 'प्रगती'. घड्याळाखाली एक कमानीतला कोनाडा रिकामा आहे, तिथे व्हिक्टोरिया राणी होती. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ: सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. खिडक्यांवरचे मोर, पानांत दडलेले छोटे प्राणी, हे नक्षीकाम सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. ती मुलं तुमच्या मुलांपेक्षा फार मोठी नसणार. प्रत्येकाला एकेक प्राणी शोधून वहीत चितारायला सांगा, तासभर कुणी जागचं हलणार नाही.

आणि दर्शनी भिंतीवर गोल चौकटींत रेल्वे कंपनीच्या संचालकांचे चेहरे आहेत. साहेबांच्या रांगेत दोन भारतीय पगड्या दिसतील: एक सर जमशेटजी जीजीभॉय आणि दुसरे नाना शंकरशेट. दुर्बीण त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या हातात द्या आणि त्यालाच शोधू द्या. साडेपाचनंतर लोकलची गर्दी वाढते, तेव्हा त्याच्या आत मुलांची हजेरी घेऊन बसमध्ये बसवा.